रचण्याची आणि पाडण्याची खेळणी

अ‍ॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर या जिनिव्हातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग कुणालाही घरी करून बघता येईल इतका साधा आहे. धातूच्या एका अरुंद पट्टीवर लाकडी ठोकळे आडवे तोलून ठेवायचे, एवढंच मुलांना सांगितलं होतं. गंमत ठोकळ्यांमध्ये होती. काही ठोकळे सरळ, बरोबर मध्यावर तोलले जाणारे. काहींच्या एका टोकाला वजन चिकटवलेलं, डोळ्यांना दिसणारं. आणि काहींच्या पोटात एका बाजूला वजन दडवलेलं. बाहेरून बघावं तर इतरांसारखेच.

चार-पाच वर्षांची मुलं ठोकळा पट्टीवर ठेवत, तो ज्या बाजूला कलेल त्याच्या उलट सरकवत, हाताला जाणवेल तसं पुढंमागं करत तोलून मोकळी होत. लबाड ठोकळेही त्यांनी तोलले. सहा-सात वर्षांच्या मुलांची मात्र पंचाईत झाली. ती प्रत्येक ठोकळा नेमका मध्यावर ठेवायची. तो पडायचा. पुन्हा मध्यावरच, आणखी जपून. पुन्हा पडायचा. शेवटी काहींनी, हा ठोकळा तोलताच येत नाही असं म्हणून तो बाजूला सारला. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना परत जमू लागलं.

धाकट्याला जमतं ते थोरल्याला जमू नये, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एक नियम तयार झालेला असतो: वस्तू मध्यावर तोलते. घरातल्या बहुतेक वस्तूंच्या बाबतीत तो खराही ठरतो, म्हणून मूल तो सहजी सोडत नाही. धाकट्याकडे असा नियमच नसतो. त्याच्या लेखी प्रत्येक ठोकळा नवा, प्रत्येक वेळी सुरुवात शून्यातून. ‘हा ठोकळा इतरांसारखा वागत नाही’ हे त्यालाच जाणवणार, ज्याला ठोकळ्यांनी कसं वागायला हवं याची काही कल्पना आहे. सहाव्या वर्षीचं ते अपयश ही प्रगती असते, आणि दोन वर्षांनी त्यातूनच ‘वजन कुठं आहे ते बघायला हवं’ हा जास्त चांगला नियम निघतो.

या सगळ्यात ‘चुकलं’ असं मोठं माणूस कुणी म्हणालं नाही. ठोकळा पडला, इतकंच. बांधणीच्या खेळण्यांबद्दल जे काही चांगलं सांगता येईल त्याच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते. वहीतलं गणित चुकलंय हे कळायला बाईंची लाल शाई लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी येते. मनोरा त्याच क्षणी पडतो. त्यात बाई रागावल्या, दादा हसला, असलं काही मिसळलेलं नसतं, म्हणून मूल लगेच पुन्हा रचायला घेतं.

अर्थात लाकडाचा कुठलाही तुकडा उचलला आणि ठोकळा झाला, असं नाही. चांगल्या ठोकळ्यांच्या मापांत कुणीतरी आधीच भरपूर विचार करून ठेवलेला असतो. हा विचार पहिल्यांदा नेटानं केला तो फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं. बालवाडीचा जनक म्हणून त्याचं नाव डी.एड.च्या पुस्तकात येतं आणि परीक्षेनंतर तिथंच राहतं. तो काही काळ बर्लिनमध्ये क्रिस्टियान सॅम्युएल व्हाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहालयात काम करत होता, हा तपशील मात्र फारसा कुणी सांगत नाही. एकाच मूळ आकाराची पुनरावृत्ती होत होत स्फटिक कसा घडतो, हे त्यानं रोज हाताळून पाहिलं होतं. १८३७ साली टुरिंगिया प्रांतातल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावात त्यानं लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि क्रमानं द्यायच्या खेळण्यांची एक मालिकाच आखली. या खेळण्यांना तो भेटवस्तू म्हणे. पहिली भेट लोकरीच्या रंगीत चेंडूंची, दुसरी गोल, घन आणि दंडगोल यांची.

तिसऱ्या भेटीपासून बांधकाम सुरू होतं. सरकत्या झाकणाची एक लाकडी पेटी. आत दोन इंची घन, पण तो एक-एक इंचाच्या आठ घनांनी बनलेला. पेटी उघडण्याची रीतही ठरलेली: ती टेबलावर पालथी घालायची, खालून झाकण ओढून घ्यायचं आणि पेटी अलगद वर उचलायची. समोर उभा राहतो तो अखंड घन. मुलाच्या हाती आधी पूर्ण वस्तू आली पाहिजे, मग तिचे भाग, आणि खेळ संपताना पुन्हा पूर्ण वस्तू, असा फ्रोबेलचा आग्रह. टेबलावर इंचाइंचाच्या चौकटी आखलेल्या. हे आठ घन मधोमध वेगळे केले की अर्धे, पुन्हा वेगळे केले की पाव, आणि एकेक सुटा केला की अर्धपाव. पाढे न शिकलेलं मूल अपूर्णांक हातात धरून बसलेलं असतं आणि त्याला ते ठाऊकही नसतं. चौथ्या भेटीत तेवढ्याच दोन इंची घनाचे आठ भाग, पण विटांच्या आकाराचे. पाचवी तीन इंची: सत्तावीस घन, त्यातले तीन कर्णावर दुभंगलेले आणि तीन चौभंगलेले, मिळून एकोणचाळीस तुकडे. इथून उतरती छपरं शक्य होतात.

फ्रोबेलनं या ठोकळ्यांच्या खेळाचे तीन प्रकार मानले होते. घर, खुर्ची, पूल असं जगातलं काही बनवणं; आकार आणि संख्या यांचे संबंध मांडणं; आणि निव्वळ सौंदर्यासाठी सममितीच्या आकृत्या रचणं. तिन्हींसाठी तेच आठ तुकडे. आणखी एक अट अशी, की एक रचना पाडून दुसरी करायची नाही. पहिलीतले तुकडे सरकवत तिचीच दुसरी करायची. ही अट मुलांना कितपत मानवत असेल, शंकाच आहे. तीन वर्षांच्या पोराला मनोरा रचण्यापेक्षा तो धाडकन पाडण्यातच जास्त गोडी असते. फ्रोबेलला मुलं नक्कीच कळत होती, पण त्याला व्यवस्था जरा जास्तच आवडे.

प्रशियाच्या सरकारनं १८५१ साली या बालवाड्यांवर बंदी घातली. फ्रोबेलच्या पुतण्याच्या समाजवादी लिखाणाशी अधिकाऱ्यांनी त्याचा घोळ घातला, असं त्याचं एक कारण सांगतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्या देशोदेशी गेल्या होत्या. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या पेट्या मांडलेल्या होत्या. तिथं त्या पाहून एका आईनं आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी संच घेतला. तो मुलगा म्हणजे वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते गुळगुळीत मेपलचे ठोकळे आपल्या बोटांतून कधी गेलेच नाहीत, अशा अर्थाचं त्यानं म्हातारपणापर्यंत सांगितलं. ठोकळ्यांच्या प्रत्येक पुरस्कर्त्याला हा दाखला प्रिय आहे. पण तेच ठोकळे हजारो मुलांनी हाताळले आणि ती राइट झाली नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवं.

ब्लांकेनबुर्गच्या शेजारच्याच रुडोल्श्टाट गावात पुढं दगडी ठोकळ्यांचा कारखाना निघाला. वाळू, खडू आणि जवसाचं तेल मिसळून दाबून बनवलेले ते ठोकळे ओटो आणि गुस्ताव लिलिएनथाल या भावांची कल्पना. त्यांनी ती रिश्टर नावाच्या उद्योजकाला विकली, पैसा त्यानं केला. यातला ओटो म्हणजे टेकडीवरून ग्लायडर घेऊन झेपावणारा, १८९६ साली त्यातच मरण पावलेला उड्डाणवीर.

फ्रोबेलच्या मागं त्याच्या पद्धतीची कवायत झाली. बाई फर्मावणार, आणि साऱ्या वर्गाचे ठोकळे एकाच वेळी एकाच दिशेनं सरकणार. याला कंटाळलेल्यांपैकी एक होती न्यूयॉर्कची कॅरोलाइन प्रॅट. ती सुतारकाम शिकलेली शिक्षिका. तिनं १९१४ साली ग्रेनिच व्हिलेजमध्ये शाळा काढली आणि तिथल्या मुलांसाठी जमिनीवर बसून, हात लांब करून, अंग वापरून खेळता येतील असे मोठे ठोकळे बनवले. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि त्याच्या निम्मा जाड. म्हणजे एकास दोनास चार. मग त्याच्या निम्मा, त्याच्या दुप्पट, चौपट. तिरकस कापून त्रिकोण. काही दंडगोल, काही कमानी. रंग नाही, चित्र नाही, अक्षरं नाहीत. तिनं एकस्व घेतलं नाही, त्यामुळं पुढं शेकडो कारखान्यांनी तेच माप उचललं. जगभरच्या चांगल्या बालवाड्यांत आज जे बिनरंगी लाकडी ठोकळे दिसतात ते बहुतेक तिचेच.

या मापाचा उपयोग खेळ बघत बसल्याशिवाय लक्षात येत नाही. एक मूल भिंत बांधतंय आणि लांब ठोकळे संपले. रडगाणं होऊ शकतं. पण दोन आखूड शेजारी ठेवले की भिंत बरोब्बर तेवढीच लांब होते, हे कधीतरी त्याच्या हाताला सापडतं. दोन पाव म्हणजे अर्धा, हे तिथं पाठ करायचं नसतं. ते जुळलं नाही तर छप्पर तिरकं बसतं. आणखी थोड्या दिवसांनी ते पाहतं की ठोकळ्यावर ठोकळा नेमका रचत गेलं तर भिंत उभ्या फटीवर फाकते, आणि वरचा ठोकळा खालच्या दोघांच्या जोडावर ठेवला तर टिकते. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. बांधकामावर नव्यानं लागलेल्या पोराला हे सांगून शिकवावं लागतं. बालवाडीतल्या पोरीला ते भिंत दोनदा फाकल्यावर समजतं.

न्यूयॉर्कमध्येच बालवाडी चालवणाऱ्या हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली ठोकळ्यांच्या बांधकामावर एक पुस्तिका लिहिली. मुलं कुठल्या क्रमानं काय करतात याच्या त्यांच्या नोंदी आजही शिक्षक वापरतात. अगदी लहान मूल काही बांधतच नाही. ते ठोकळे नुसते वाहतं, इकडून तिकडं नेतं, गोळा करतं. मग ओळी आणि चळती. मग येतो पूल: दोन उभे, तिसरा वर आडवा. मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण दोन खांबांतलं अंतर आधी ठरवावं लागतं, आणि ते वर ठेवायच्या तुळईवरून ठरतं. अजून न ठेवलेल्या वस्तूचा विचार करून आत्ता हात हलवणं ही दोन-अडीच वर्षांच्या जिवाच्या मानानं मोठीच झेप आहे. अंतर जास्त झालं की तुळई खांबांच्या मधून खाली जाते. मूल खांब न सरकवता तीच तुळई पुन्हा पुन्हा ठेवून पाहतं. सरकवतं तो दिवस बघण्यासारखा असतो.

पुलानंतर कुंपण: चार ठोकळ्यांनी जागा बंद करणं. इथं कोपरा जुळवावा लागतो, आणि आत व बाहेर अशा दोन जागा तयार होतात. मग नक्षी आणि सममिती. नाव देण्याची गंमत तर वेगळीच. आधी मूल काहीतरी रचतं आणि झाल्यावर जाहीर करतं की ही आगगाडी आहे. पुढं क्रम फिरतो: ‘मी स्टेशन बनवणार’ अशी घोषणा आधी, बांधकाम नंतर. नाटक त्याच्याही पुढं, तिकीट काढणारा, उशिरा येणारी गाडी, भांडणारे प्रवासी यांच्यासकट.

आता संशोधनाकडं वळू. या विषयात दावे फार आणि पुरावे बेताचे. चार्ल्स वोल्फगँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांच्या बालवाडीतल्या ठोकळेबांधणीला गुण दिले होते. हीच मुलं मोठी झाल्यावर त्यांचं शाळेतलं गणित तपासलं. प्राथमिक वर्गांत काही संबंध दिसला नाही, सातवीपासून पुढं दिसला. २००१ सालचा हा निबंध सतत उद्धृत होतो. पण त्यात मुलं चाळीसच्या आत होती, आणि ठोकळ्यांमुळं गणित सुधारलं की गणिताकडं ओढा असलेलीच मुलं ठोकळ्यांत रमली, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. २००७ मध्ये दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या घरी ठोकळे वाटून केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ठोकळेवाल्या मुलांची भाषा थोडी पुढं गेलेली आढळली. त्या अभ्यासाला पैसे ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचे होते, हे वाचकानं लक्षात ठेवावं.

मला जास्त भरवशाची वाटते ती भाषेची बाजू, कारण तिथं कारण डोळ्यांना दिसतं. ठोकळे खेळताना आईबाप आणि मुलं काय बोलतात याची अमेरिकेत मोजणी झाली (२०११). इतर खेळांपेक्षा ठोकळ्यांच्या वेळी जागा आणि दिशा दाखवणारे शब्द कितीतरी जास्त येत होते. एखादं उद्दिष्ट ठेवून आईबाप मुलांबरोबर खेळत तेव्हा सर्वांत जास्त. आपल्याकडं हे ऐकायला कुठल्याही घरात पाच मिनिटं पुरतील. उभा धर, आडवा ठेव, अलीकडं घे, कडेला नको, टेकवून लाव, उलटा झालाय, मधला काढ. आजीनं गोष्ट सांगितली तर त्यात राक्षस असतो, राजकन्या असते. ‘टेकव’ आणि ‘अलीकडं’ क्वचितच. भूमितीच्या बाई पुढं ज्या शब्दांवर इमारत रचणार, ते शब्द पोरांनी आधी जमिनीवर वापरलेले बरे.

लाकडी ठोकळा नुसत्या वजनावर उभा राहतो. दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या म्हटल्या की वेगळंच शास्त्र सुरू होतं. लिव्हरपूलमधल्या मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेबनीस असलेल्या फ्रँक हॉर्नबीनं १९०१ साली भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचं एकस्व घेतलं. सहा वर्षांनी त्याला मेकॅनो हे नाव मिळालं. कळीची गोष्ट पुन्हा मापच: सगळी भोकं अर्ध्या इंचावर. त्यामुळं कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला बसते, आणि आस, चाक, दातेरी चक्र यांनाही त्याच भोकांतून जाता येतं. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून विकलक समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं, आणि ते खरोखर कामाला आलं. मेकॅनोच्या जाहिराती मात्र कित्येक वर्षं मुलग्यांना उद्देशून असत. आपल्याकडं घराघरांत पोचलेल्या मेकॅनिक्सच्या पेट्याही भाच्यालाच मिळत आणि भाचीला भातुकली. पाना फिरवायला मनगट लागतं, त्यात मुलगा-मुलगी काय?

मेकॅनोच्या चार पट्ट्यांचा चौकोन करून बघावा. नट कितीही आवळले तरी तो ढकलला की तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत, विजेच्या मनोऱ्यात, रेल्वेच्या जुन्या पुलावर सगळीकडं त्रिकोण का, याचं उत्तर या दोन आकृत्यांत आहे.

आणि ते उत्तर मिळवायला महागडी पेटी लागत नाही, हे अरविंद गुप्तांनी दाखवलं. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली अभियंता झालेले गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. १९७८ मध्ये ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथं आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांची जगप्रसिद्ध काडी-मेकॅनो जन्मली. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्यायची, तिचे छोटे तुकडे करायचे. आगकाड्यांच्या टोकाची दारू खरवडून टाकायची. तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की लवचीक सांधा तयार. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की लवतो. कर्णाची काडी बसवली की ताठ. मग बाभळीच्या काट्यानं नळीला मधोमध भोक पाडून तिसरी काडी घालायची. सांधा आता तीन दिशांचा झाला, आणि सहा काड्यांचं चतुष्फलक उभं राहतं. जमिनीवर टाकलं तरी आकार सोडत नाही. पुढं पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात गुप्तांनी अशी शेकडो खेळणी मुलांकडून करून घेतली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्या आणि मऊ सांधे ही जोडी फ्रोबेलकडंही होती: भिजवलेले वाटाणे आणि बारीक काटक्या. जिओडेसिक घुमट उभारणारा बकमिन्स्टर फुलर सांगे की बालवाडीत त्याला नीट दिसत नसे. इतर मुलं पाहिलेल्या घरांसारखे चौकोन करत. तो हातानं चाचपत राहिला आणि हाताला जे ताठ लागलं ते त्रिकोण होते.

पैशाचा प्रश्न आपल्याकडं त्याही आधी आला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मॉन्टेसोरीची साधनं त्यांना उत्तम माहीत होती. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतचे दहा घन, ज्यांतला सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या हजारपट आकारमानाचा, ही कल्पना त्यांना निश्चितच पसंत होती. किंमत परवडण्याजोगी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, माती, पानं अशा भोवतालच्या वस्तू साधनं म्हणून आल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी तेच धोरण चालवलं.

प्लास्टिकच्या विटांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्तियानसन लाकडी खेळणी करत असे. त्याच्या लेगो कंपनीनं १९४९ मध्ये काढलेली प्लास्टिकची वीट ही हिलरी पेज या इंग्रज खेळणीकाराच्या विटेवर बेतलेली होती. ती रचता येई, पण घट्ट धरत नसे. २८ जानेवारी १९५८ या तारखेच्या एकस्वात विटेच्या पोकळ पोटात नळ्या आल्या, वरच्या बोंडांना त्यांनी तीन बाजूंनी पकडलं, आणि वीट जागची हलेनाशी झाली. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. आठ बोंडांच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ तऱ्हांनी जोडता येतात, तीन विटा १,०६० तऱ्हांनी. सहा विटांसाठी कंपनी पूर्वी दहा कोटींच्या वरचा एक आकडा सांगे. त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते, हे डॅनिश गणिती सोरेन आयलर्स यांनी दाखवलं. संगणकानं काढलेली खरी संख्या ९१,५१,०३,७६५.

इतक्या शक्यता पोटात असलेली वीट आज विकली जाते ती बहुतेक वेळा एका शक्यतेसाठी. खोक्यावर अवकाशयान, आत क्रमांक घातलेल्या पिशव्या आणि पायरी-पायरीची पुस्तिका. पुस्तिकेबरहुकूम जोडण्यातही शिकण्यासारखं असतं. सपाट चित्रावरून घन वस्तू ओळखणं, चिकाटी, बारीक हातकाम, हे काही थोडकं नाही. पण पेज मोरो आणि मरित एंगेसेट यांनी २०१६ साली छापलेल्या प्रयोगांत, सूचनांप्रमाणे लेगोचा संच जोडलेली मंडळी त्यानंतर दिलेल्या कल्पकतेच्या कामात मोकळेपणानं विटा रचलेल्यांपेक्षा मागं पडली. प्रयोग मोठ्यांवर होता, मुलांवर तो तसाच लागू करू नये. तरी कपाटात काचेमागं ठेवलेलं, ‘हात लावू नकोस, तुटेल’ अशी ताकीद मिळालेलं अवकाशयान मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. ते सुटं होऊन त्याची होडी झाली नाही, तर ही चित्रकोड्याचीच महाग आवृत्ती.

विटांनी मोठ्यांनाही शिकवल्याचं एक सुरेख उदाहरण आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले लीडी क्लॉट्झ आपल्या लहान मुलाबरोबर लेगोचा पूल बांधत होते. एक खांब आखूड निघाला. त्याला जोडायला वीट आणावी म्हणून ते वळले, तोवर पोरानं लांब खांबातली एक वीट काढून टाकली होती. पूल सपाट. त्यातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांची मालिका केली, ती २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आली: सुधारणा सुचवा म्हटलं की माणसं भर घालतात, काढून टाकण्याचा पर्याय सहसा त्यांच्या डोक्यातच येत नाही.

मराठी मुलांचं सर्वांत मोठं बांधणीचं खेळणं दुकानात मिळत नाही, निदान मिळत नसे. दिवाळीचा किल्ला. दगड-विटांचा गाभा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून लाल मातीचा हात, आळीव किंवा मोहरी पेरून उगवलेलं रान, आणि सिंहासनावर महाराज. इथं तुकड्यांना ठरलेलं माप नाही, म्हणून मापाचा सगळा भार मुलांवर येतो. मावळा चार बोटं उंच, तर दरवाजा केवढा? तोफ बुरुजावर मावते का? माती कोरडी असेल तर ढासळते, फार ओली झाली तर खाली बसते, आणि कडा सरळ उभा ठेवायचा तर आतून दगड हवा. आळिवाला रोज पाणी तर पाहिजे, पण ते वरून ओतलं की माचीला घळ पडते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हातानं शिंपडायची युक्ती काढतं. गल्लीतली थोरली पोरं मुकादमी करतात, धाकटी माती आणतात आणि पुढच्या वर्षी स्वतः मुकादम होतात. हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले बाजारात येतात. फ्लॅटच्या बाल्कनीत माती कुठून आणायची, हा आईबापांचा सवाल रास्त आहे. पण तयार किल्ल्याचा बुरूज खचत नाही, त्यामुळं तो सावरायची वेळही कुणावर येत नाही.

घरी काय आणावं, असं कुणी विचारलं तर मी सुताराकडं जा म्हणतो. फर्निचरच्या कामातून उरलेल्या सागवानी किंवा बीचच्या पट्ट्या त्याच्याकडं पडून असतात. जाडी सगळ्यांची एकच, रुंदी जाडीच्या दुप्पट, लांबी रुंदीच्या दुप्पट, एवढं सांगायचं. असे तीसेक, त्याच्या निम्मे वीसेक, दुप्पट लांबीचे दहाबारा, आणि थोडे तिरके कापलेले. प्रकार कमी आणि नग जास्त असावेत. बाजारातल्या पेट्यांत नेमकं उलटं असतं. करवतीचं पातं जाड असतं, त्यामुळं प्रत्येक कापात थोडं लाकूड जातं आणि दोन अर्धे मिळून एक पूर्ण भरत नाही. हे त्याला आधीच बजावावं, नाहीतर सगळा खटाटोप वाया. कडा काचकागदानं मारून घ्याव्यात. चकचकीत पॉलिश लावू देऊ नये, गुळगुळीत झाले की ठोकळे एकमेकांवरून घसरतात. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तोंडात मावेल असा एकही तुकडा त्यात नको.